जुन्या विंडोजची दामदुप्पट

"चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?"

बावीस वर्षं मी पुण्या-पिंपरीतल्या लहान-मध्यम कंपन्यांचे संगणक सांभाळतो आहे. या काळात माझ्या गिऱ्हाइकांना सगळ्यांत महाग पडलेलं वाक्य हेच. कारखान्याच्या मालकाच्या तोंडून ते ऐकलं, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाच्या तोंडून ऐकलं, आणि ज्यांना आकडे कळतात म्हणून पगार मिळतो त्या फायनान्स मॅनेजरांच्या तोंडून तर दरवर्षी ऐकतो. म्हणणाऱ्याला वाटतं, आपण पैसा वाचवला. माझं म्हणणं सरळ आहे: त्याने पैसा वाचवला नाही. त्याने कर्ज काढलं, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

दुसऱ्याच्या नावावर म्हणजे काय, ते सांगतो. भोसरीतल्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चाळीस संगणक होते. निम्म्यांवर विंडोज ७. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला होता. २०२२ मध्ये मी दोन पानी टिपण दिलं: कोणत्या मशीनला काय लागेल, किती लागेल, कोणत्या क्रमाने करायचं. टिपण फाइलला लागलं. वर्षअखेरीच्या बैठकीत पडद्यावर आकडा आला, संगणकांवरचा भांडवली खर्च शून्य. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी एका महिन्याच्या १९ तारखेला, म्हणजे जीएसटीचं रिटर्न भरायच्या आदल्या संध्याकाळी, अकाउंट्समधल्या एका मशीनवर बिलाच्या नावाने आलेली फाइल उघडली गेली. तासाभरात टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद झाला आणि पडद्यावर खंडणीची नोटीस आली. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला कायमची लावून ठेवलेली होती. तीही गेली.

अकाउंट्समधल्या दोघी जणी पुढचे तीन आठवडे रोज रात्री नऊपर्यंत थांबून कागदी व्हाउचरांवरून नोंदी पुन्हा करत होत्या. एकीचा मुलगा दहावीला होता. त्या रात्रींचा ओव्हरटाइम मिळाला नाही, कारण "चूक डिपार्टमेंटचीच होती". रिटर्न उशिरा गेलं, थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज लागलं. आणि फाइल जिने उघडली तिला मेमो मिळाला. टिपण ज्याने बाजूला सारलं त्याला कोणी काही विचारलं नाही. त्याचा शून्याचा आकडा आदल्या वर्षीच्या अहवालात आजही तसाच आहे.

बचतीचं श्रेय एकाचं, फेड दुसऱ्याची. या एका अन्यायासाठी मी हा लेख लिहितो आहे.

आता कर्जाचं व्याज बघा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. ज्यांना तरीही तेच चालवायचं आहे त्यांना पैसे भरून फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. कंपन्यांसाठी जाहीर झालेला भाव असा: पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. जाग दुसऱ्या वर्षी आली तर पहिल्या वर्षाचे पैसेही भरावे लागतात. ऑक्टोबर २०२८ नंतर तेही दार बंद. तीन वर्षांची बेरीज ४२७ डॉलर. डॉलरला ८८ रुपये धरले तर एका मशीनचे साडेसदतीस हजार, आणि चाळीस मशीनचे पंधरा लाख. एवढं भरून हाती काय? तेच जुनं मशीन, तीन वर्षांनी आणखी जुनं झालेलं.

आपल्याकडे सावकारीला दामदुप्पटाचा नियम होता. धर्मशास्त्रातून आलेला हा नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही पाळला. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, असा तो नियम. ६१ चे ४२७ म्हणजे सातपट. गावच्या सावकाराला जी मर्यादा होती ती इथे नाही. आणि इथे कर्जदार कुळासारखा नाडलेला नाही. तो एसी केबिनमध्ये बसून, स्वतःच्या मर्जीने, "सध्या नको" असं म्हणत सही करतो. किंवा सहीही करत नाही, पैसेही भरत नाही, आणि उघडी दारं ठेवून झोपतो. आपल्याकडचे बहुतेक जण या दुसऱ्या प्रकारातले आहेत. त्यातल्या कित्येकांच्या विंडोजचं मूळ लायसन्सच नसतं. कोणीतरी पेन ड्राइव्हवरून क्रॅक आणून टाकलेला असतो, आणि त्या क्रॅकसोबत आणखी काय आलं हे त्यालाही माहीत नसतं.

उलट बाजूचा खर्च किती आहे, तेही बघू. विंडोज १० चं अस्सल लायसन्स असेल आणि मशीन अटीत बसत असेल तर विंडोज ११ फुकट मिळतं. अटी गुपित नाहीत: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय आणि सिक्युअर बूट, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१९ नंतर घेतलेली बहुतेक मशीनं बसतात.

तरीही "सगळं बदलावं लागेल" हे ऐकून मालक घाबरतात, कारण ते सांगणाऱ्याला नवीन मशीनं विकायची असतात. एका कंपनीत विक्रेत्याने पस्तीस नव्या संगणकांचं कोटेशन दिलं होतं. मी एकेक मशीन तपासलं. एकवीस अटीत बसत होती. त्यातल्या चौदांमध्ये टीपीएम होतं, फक्त बायोसमध्ये बंद होतं. इंटेलच्या मशीनमध्ये ते पीटीटी या नावाने असतं, एएमडीमध्ये एफटीपीएम. एक पर्याय चालू करायचा, जुन्या पद्धतीची डिस्क नव्या पद्धतीत बदलून घ्यायची, मशीन परत सुरू करायचं. सहा मशीनना जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि ती नव्यासारखी चालू लागली. उरलेल्या चौदांपैकी पाच फक्त मेल बघायला आणि प्रिंट काढायला होती, त्यांवर लिनक्स टाकलं. नवीन घ्यावी लागली नऊ. पस्तीस नव्हे, नऊ. ज्याने पस्तीसचा कागद पुढे केला तो चोर, आणि ज्याने तो कागद बघून सगळंच काम तीन वर्षं ढकललं तो आळशी. मधल्या मधे ज्याने मशीनं मोजली असती त्याला बोलावलंच नव्हतं.

याच विक्रेत्यांच्या सादरीकरणात आणखी एक आकडा असतो. नव्या सिस्टीमने प्रत्येक कर्मचाऱ्याची रोज अमुक मिनिटं वाचतात, गुणिले कर्मचारी, गुणिले तासाचा पगार, बरोबर वर्षाला इतके लाख. हा आकडा मी कधीच मान्य केलेला नाही. क्लार्कची दहा मिनिटं वाचली म्हणून महिनाअखेर त्याच्या पगारातून काही कापलं जात नाही आणि कापलं जाऊही नये. तिजोरीत न आलेला पैसा बचत म्हणून दाखवणं हा खोटा हिशेब आहे, मग तो दाखवणारी कंपनी कितीही मोठी असो. अशा खोट्या आकड्यांनीच खऱ्या कामाची पत घालवली. मालकाने एकदा तो आकडा पकडला की त्याला वाटतं, अपग्रेडची सगळी भाषाच विक्रीची आहे. खरी बचत छोटी आणि ठोस असते: न भरलेले ते ४२७ डॉलर, न आलेले सर्व्हिस कॉल, न बंद पडलेले दिवस, न भरलेला दंड. ही बचत आधी दिसत नाही, कारण ती घडलेल्या गोष्टींची नसते. टळलेल्या गोष्टींची असते. आणि जे टळलं त्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही.

जे टळलं नाही त्याचा हिशेब मात्र जगाने लिहून ठेवला आहे. इंग्लंडचंच बघा. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला तेव्हा ब्रिटिश सरकारने आणखी एका वर्षाच्या अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टला सुमारे ५५ लाख पौंड मोजले. हे वर्ष मशीनं बदलायला मिळालं होतं. पुढच्या वर्षी तो करार वाढवला नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं, डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं. सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांपैकी, म्हणजे २३६ एनएचएस ट्रस्टपैकी, किमान ८० ट्रस्टच्या कामावर परिणाम झाला. सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात नोंदवलेला आहे. आरोग्य खात्याने नंतर खर्चाचा अंदाज दिला तो ९ कोटी २० लाख पौंडांचा.

यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट लोक विसरतात. त्या रुग्णालयांत लागण झालेली बहुतेक मशीनं एक्सपीची नव्हती. ती विंडोज ७ ची होती, ज्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला देऊन ठेवली होती, फुकट. हल्ला झाला एकोणसाठ दिवसांनी. त्या एकोणसाठ दिवसांत ती दुरुस्ती मशीनवर चढवायला कोणी नेमलेलं नव्हतं, किंवा ज्याला नेमलं होतं त्याच्याकडे वेळ आणि अधिकार नव्हता. म्हणून नवं विंडोज विकत आणलं की काम संपलं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. सिस्टीम ही वस्तू नाही, देखभाल आहे. आणि देखभाल माणूस करतो. तुमच्या कंपनीत तो माणूस कोण आहे? पंधरा हजारांवर ठेवलेला, प्रिंटरमधला अडकलेला कागद काढण्यापासून सीसीटीव्हीच्या वायरी ओढण्यापर्यंत सगळं करणारा तो पोरगा? त्याला शेवटचं प्रशिक्षण कधी दिलं होतं?

ही गोष्ट परदेशातली म्हणून सोडून द्यायची असेल तर उरणकडे या. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला. तिच्याच समूहाचं टर्मिनल आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. ते थांबलं. कंटेनर घेऊन आलेले ट्रकचालक रस्त्यावर अडकले. त्यांनी कोणती फाइल उघडली होती? कोणता अपडेट टाळला होता? कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर दावोसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

हा हल्ला फक्त जुन्या सिस्टीममुळे पसरला असं मी म्हणणार नाही. तो पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या मशीनमध्येही शिरत होता. पण 'वायर्ड' मासिकाने २०१८ मध्ये या प्रकरणावर जे लिहिलं त्यातल्या एका तपशिलाने माझी झोप उडाली. कंपनीतले काही सर्व्हर तोपर्यंत विंडोज २००० वर चालत होते. सुरक्षा सुधारण्याच्या योजनेला मंजुरी होती, पैसे होते. पण ती पूर्ण करणं हे आयटीच्या वरिष्ठांच्या कामगिरीच्या निकषांत नव्हतं, म्हणजे ती केल्याने त्यांच्या बोनसमध्ये काही पडणार नव्हतं. म्हणून ती मागे पडली. भोसरीच्या कारखान्यात आणि जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीत रोग एकच: टाळणाऱ्याचं काहीच जात नाही.

हा रोग बरा होतो तो भाषणांनी नव्हे, तारखांनी. आपल्या एटीएमचं उदाहरण घ्या. एक्सपीचा सपोर्ट संपून चार वर्षं उलटली तरी देशातली कित्येक एटीएम त्यावरच चालत होती. शेवटी २१ जून २०१८ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं. नुसतं "लवकरात लवकर" असं लिहिलं नाही. सपोर्ट संपलेल्या सिस्टीमवरच्या एटीएमपैकी २५ टक्के सप्टेंबर २०१८ पर्यंत, ५० टक्के डिसेंबरपर्यंत, ७५ टक्के मार्च २०१९ पर्यंत आणि सगळी जून २०१९ पर्यंत बदला, असं बजावलं. जे बँकांना चार वर्षांत सुचलं नाही ते एका वर्षाच्या कागदावर आलं. खातेदाराच्या पैशाची काळजी बँकेला आपणहून वाटली नाही, हे त्या परिपत्रकाने उघड केलं. आणि तुमच्या कंपनीवर अशी कोणतीही रिझर्व्ह बँक बसलेली नाही. ते परिपत्रक तुम्हालाच काढावं लागेल.

इथे कारखानदार एक खरी अडचण सांगतात, ती मी मानतो. सीएनसी मशीनला किंवा तपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक एक्सपीवरच चालतो, कारण यंत्र बनवणाऱ्याने पुढचं सॉफ्टवेअर दिलंच नाही. तीस-चाळीस लाखांचं यंत्र विंडोजसाठी भंगारात काढा असं कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. पण मग त्या संगणकाला इंटरनेट का? त्याला ऑफिसच्याच नेटवर्कची वायर का? ऑपरेटर त्याला मोबाइल चार्जिंगला का लावतो? तैवानच्या टीएसएमसीसारख्या कंपनीत ऑगस्ट २०१८ मध्ये एक नवं यंत्र तपासणी न करता नेटवर्कला जोडलं गेलं, वॉनाक्रायचाच एक प्रकार विंडोज ७ च्या मशीनमध्ये पसरला आणि चिप बनवणारे कारखाने थांबले. तिमाहीच्या महसुलाला सुमारे ३ टक्के फटका बसेल, असा कंपनीचा पहिला अंदाज होता. वॉनाक्रायची दुरुस्ती येऊन तेव्हा सतरा महिने झाले होते. जे बदलता येत नाही ते वेगळं ठेवा. स्वतंत्र वायर, बंद यूएसबी, एकच तपासलेला पेन ड्राइव्ह. याला खर्च जवळपास नाही, फक्त शिस्त लागते.

मायक्रोसॉफ्टलाही मी सोडणार नाही. टीपीएम आणि आठव्या पिढीची रेषा ओढून तिने व्यवस्थित चालणारी मशीनं एका तारखेला नाकारली. सपोर्ट संपल्याने सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये वर्तवला होता. तो कचरा कुठे जातो? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत, जिथे माणसं उघड्या हातांनी बोर्ड फोडतात आणि तांब्यासाठी वायरी जाळतात. इथेही नफा एकाचा, फेड दुसऱ्याची. म्हणूनच नवं विकत घेण्याआधी मोजा, असा माझा हट्ट आहे. अटीत न बसणाऱ्या मशीनवर लिनक्स चालतं आणि उत्तम चालतं. केरळने सरकारी शाळांमध्ये ते गेली अनेक वर्षं चालवलं आहे. त्यातून ३,००० कोटी रुपये वाचल्याचा तिथल्या यंत्रणेचा दावा दर संगणकामागे दीड लाखाचं सॉफ्टवेअर धरून केलेला आहे, आणि तो मला विक्रेत्यांच्या मिनिटांइतकाच फुगवलेला वाटतो. कोणत्याही शाळेने एवढं सॉफ्टवेअर विकत घेतलंच नसतं. पण केरळने एक गोष्ट केली जी आपण करत नाही: आधी शिक्षकांना शिकवलं, मग मशीनवर सिस्टीम टाकली. ते काम त्या आकड्याहून मोठं आहे.

आता मालकांशी थेट बोलतो. साहेब, कारखान्यातल्या प्रेसला दर महिन्याला ग्रीस लागतं, त्याला तुम्ही खर्च म्हणून नाक मुरडत नाही. कारण ग्रीस नसलं तर काय होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. संगणकाचंही तसंच आहे. या आठवड्यात प्रत्येक मशीनची यादी करा: कोणतं विंडोज, किती जुनं, लायसन्स खरं की खोटं, कोण वापरतं. बॅकअपची डिस्क आज संध्याकाळी मशीनपासून काढून कपाटात ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल परत उघडून बघा. यादीतली पाव मशीनं तीन महिन्यांत मार्गी लावा, उरलेली वर्षभरात. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन आणि जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नव्या सिस्टीमवर चालतो का, ते एका मशीनवर आधी तपासा. महिनाअखेरीला किंवा रिटर्नच्या आठवड्यात काहीही बदलू नका. आणि ज्या पोराच्या जिवावर हे सगळं चालणार आहे त्याचा पगार वाढवा.

फायनान्स मॅनेजरांनाही एक सांगणं आहे. तुमच्या अहवालात पुढे ढकललेल्या प्रत्येक अपग्रेडसाठी एक ओळ टाका: ढकललेली रक्कम, ढकलण्याचं कारण, ढकलणाऱ्याची सही. डेटा सांभाळण्यात हयगय केली तर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा सही कोणाची होती हे विचारलं जाईलच. आजच ती ओळ लिहायला ज्याचा हात थरथरतो त्याला कळलेलं आहे की ही बचत नव्हती.

भोसरीच्या त्या कारखान्यात पुढच्याच तिमाहीत सगळी मशीनं बदलली. जो खर्च दोन पानांच्या टिपणात होता त्याच्या दुपटीहून जास्त लागला, कारण घाईत घेतलं. अकाउंट्समधल्या ज्या बाईंना मेमो दिला होता, त्यांच्या सर्व्हिस बुकातून तो अजून काढलेला नाही. तो काढा.